कसाऱ्याचा दगड समुद्रात कसा पोचतो

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकताना आकडे निसटले, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना घसरलेली वाक्यं थोडी सरळ केली आहेत. बाकी गप्पा त्याच आहेत.

सुरुवात एका इंडिकेटरपासून करू. दादरला उभं राहून 'कसारा' हा शब्द आपण इतक्यांदा वाचलाय की ते एक गाव आहे हेच विसरायला होतं. मध्य रेल्वेच्या लोकलचं एका बाजूचं शेवटचं टोक, एवढीच त्याची ओळख. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी गेलं की डबा रिकामा होतो, डोंगर जवळ येतात आणि लोकल संपते. नाशिककडे जाणारी मेल गाडी मात्र इथे थांबते. तिला मागून जादा इंजिनं लागतात, ज्यांना बँकर म्हणतात, आणि मग ती घाट चढते. तेवढा वेळ आपण मोबाइलमध्ये असतो, कारण घाटात रेंज जाणार हे माहीत असतं.

पण त्याच वेळी खिडकीबाहेर कापलेला काळा कातळ असतो. आजचा भाग त्या कातळावर आहे. तो कशाचा बनलाय, हे माणसाला कसं कळलं, आणि त्याचा समुद्राशी काय संबंध? विषयाचं शास्त्रीय नाव भूरसायनशास्त्र. म्हणजे पृथ्वीच्या दगडांत, पाण्यात आणि हवेत कोणती मूलद्रव्यं किती आहेत आणि ती एकीकडून दुसरीकडे कशी जातात, याचा हिशोब. मी इंजिनियर आहे, पण सॉफ्टवेअरचा. त्यामुळे हे सगळं मीही बाहेरून शिकलोय, आणि तसंच सांगणार आहे.

आधी घाट कापला गेला

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ची, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पुढच्या वर्षी रेल्वे कल्याणला पोचली. कसाऱ्याला यायला १ जानेवारी १८६१ उजाडलं. आणि कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा तुकडा सुरू झाला १ जानेवारी १८६५ला. साधारण १५ किलोमीटरसाठी चार वर्षं! जीआयपी रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स जॉन बर्कली यांनी आखलेल्या या मार्गात गाडीला ९७२ फूट चढायचं होतं. चढ ३७ फुटांना एक फूट, आणि १३ बोगदे. बर्कली स्वतः १८६२मध्ये वारले, त्यांना हा घाट सुरू झालेला बघता आला नाही. सह्याद्रीतल्या या घाटांच्या कामात साथी आणि अपघातांनी गेलेल्या मजुरांची तर नावंही कुठे लिहिलेली नाहीत. दगड फोडला त्यांनी.

दगड फोडला की आतली बाजू दिसते. सह्याद्रीचा उतार एरवी माती, झाडी आणि दरडीखाली झाकलेला असतो. घाटाच्या कापणीत मात्र थर उघडे पडतात. एक काळा थर, त्यावर कधी तांबड्या मातीची पट्टी, पुन्हा काळा थर. लांबून डोंगर पायऱ्यांसारखा दिसतो. 'डेक्कन ट्रॅप' या नावातला 'ट्रॅप' तिथूनच आलाय. 'ट्रॅपा' म्हणजे स्वीडिश भाषेत जिना. एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक लोंढा, जो वाहत आला, पसरला आणि थिजला.

हा लाव्हा एखाद्या सुळक्यासारख्या ज्वालामुखीतून उडाला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो बाहेर वाहिला. आज दख्खनचा हा बेसॉल्ट सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर उरलाय. म्हणजे महाराष्ट्र जवळजवळ सगळा, शिवाय गुजरात, मध्य प्रदेश आणि कर्नाटकाचा काही भाग.

सगळंच काळं, मग ओळखायचं कसं?

इथे भूवैज्ञानिकांची पंचाईत झाली. समजा, कसाऱ्याच्या घाटात एक थर आहे आणि माळशेजच्या घाटात एक थर आहे. दोन्ही काळे, दोन्ही कठीण. ते एकाच लोंढ्याचे आहेत की त्यांच्यात हजारो वर्षांचं अंतर आहे? नुसत्या डोळ्यांनी सांगणं फार अवघड. बाकी ठिकाणी थरांत जीवाश्म सापडतात, त्यावरून क्रम लागतो. लाव्हाच्या आत जीवाश्म कुठून येणार?

मग उत्तर रसायनात शोधलं गेलं. १९२२मध्ये हेन्री वॉशिंग्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दख्खनच्या बेसॉल्टची रासायनिक विश्लेषणं छापली. निम्म्याच्या आसपास सिलिका, शिवाय लोह भरपूर, मग ॲल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम. १९५८मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे प्राध्यापक आर. एन. सुखेस्वाला यांनी आरी पोल्डरव्हार्ट यांच्याबरोबर मुंबई परिसरातल्या बेसॉल्टवर मोठा निबंध लिहिला. पण अख्ख्या सह्याद्रीचा क्रम लागायला १९८०चं दशक यावं लागलं.

त्या दशकात कीथ कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ यांनी महाबळेश्वरच्या बाजूला काम केलं. आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव, अमेरिकेतले पीटर हूपर, जॉन बीन आणि सहकारी यांनी घाटामागून घाट पालथे घातले. पद्धत ऐकायला सोपी आहे. घाटाच्या तळापासून माथ्यापर्यंत चढत जायचं, प्रत्येक लोंढ्याचा तुकडा घ्यायचा, त्यावर उंची लिहायची आणि प्रयोगशाळेत तपासायचा. मुख्य घटक सगळीकडे साधारण सारखेच निघतात. फरक दिसतो तो दहा लाखांत काही शे भाग अशा मोजमापात, म्हणजे स्ट्रॉन्शियम, बेरियम, झिर्कोनियम यांच्या प्रमाणात. टायटॅनियमही वर-खाली होतं. हा फरक का पडतो? लाव्हा वर येताना जुन्या खडकांतून येतो आणि वाटेत त्यांचा थोडा भाग विरघळवून घेतो. एकाच पातेल्यातला चहा वेगवेगळ्या भांड्यांत ओतला आणि एका भांड्यात आधीची कॉफी लागलेली असली, तर चव बदलेल ना, तसं.

१९८६मध्ये बीन, हूपर, सुब्बाराव आणि सहकाऱ्यांच्या निबंधात हा क्रम समोर आला. खालून वर बघायचं तर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, मग खंडाळा, बुशे, मग पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एकदा ही नावं मोठ्याने वाचून बघा. जगभरच्या शास्त्रीय मासिकांत आपल्या एसटीच्या पाट्या छापून येतात! पहिल्या पाच गटांना मिळून नाव दिलंय कळसूबाई उपगट. थर दक्षिणेकडे अगदी हलके कललेले आहेत, म्हणून उत्तरेला जुने थर दिसतात आणि महाबळेश्वरकडे नवे. कसारा घाट येतो सगळ्यात खालच्या, म्हणजे जव्हार-इगतपुरी या थरांत.

आमच्या धंद्यात गिट नावाची गोष्ट असते. कोडमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची क्रमाने नोंद. प्रत्येक बदलाला एक वेगळी खूण. सह्याद्री अशीच नोंदवही आहे असं समजलं, तर कसारा तिच्या अगदी सुरुवातीच्या पानांवर आहे.

पांढऱ्या ठिपक्यांचा दगड

या भागात एक दगड रसायन न शिकताही ओळखता येतो. काळ्या बेसॉल्टमध्ये पांढरट, लांबुळके स्फटिक, काही तर बोटाच्या पेरापेक्षा मोठे. याला जायंट प्लॅजिओक्लेज बेसॉल्ट म्हणतात. सह्याद्रीत असे काही ठरावीक थर आहेत आणि त्यांतल्या एकाचं शास्त्रीय नावच 'थळघाट' आहे.

लाव्हा बाहेर आला की भराभर थंड होतो, त्यामुळे स्फटिक बारीक राहतात. मोठे स्फटिक व्हायचे तर वितळलेला खडक जमिनीखाली निवांत पडून राहायला हवा. आयआयटी मुंबईचे डी. चंद्रशेखरम आणि कॅनडाचे मायकेल हिगिन्स यांनी २००७मध्ये या स्फटिकांची मापं घेऊन अंदाज काढला, तो शेकडो ते साधारण दीड हजार वर्षांचा आहे. म्हणजे हा थर सांगतो की इथे खाली सगळं थांबलं होतं, साचत होतं, आणि मग बाहेर पडलं. उद्रेक सलग नव्हते, मध्ये विसावे होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तारीख लागली कशी?

१९८०मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीत गुब्बिओ इथल्या मातीच्या एका पातळ थरात इरिडियम हे मूलद्रव्य नेहमीपेक्षा खूप जास्त असल्याचं दाखवलं. इरिडियम पृथ्वीच्या कवचात अगदी कमी, उल्कांमध्ये जास्त. त्यावरून डायनोसॉर संपले त्या वेळी मोठा अशनी आदळला, हा सिद्धांत आला. तोही भूरसायनाचाच शोध, आणि सापडला प्राचीन समुद्राच्या तळावर साचलेल्या गाळात.

लगेच दुसरी बाजू उभी राहिली. १९८६मध्ये फ्रान्सचे व्हिन्सेंट कुर्तियो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दख्खनचे उद्रेकही त्याच काळाच्या आसपासचे आहेत. मग आरोपी कोण, आकाशातला दगड की आपला?

याचं उत्तर तारखांवर अवलंबून होतं. ६ कोटी ६० लाख वर्षांच्या मागे जाऊन काही हजार वर्षांचा फरक मोजायचा! इथे दोन लोंढ्यांमधली ती तांबडी पट्टी कामाला आली. भूवैज्ञानिक तिला रेड बोल म्हणतात. त्या मातीत कधी कधी ज्वालामुखीच्या राखेतून आलेले झिरकॉनचे अतिसूक्ष्म स्फटिक सापडतात. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेत नाही. नंतर युरेनियमचं ठरलेल्या गतीने शिसं होत जातं. दोन्ही मोजलं की वय निघतं. २०१५मध्ये ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीने सांगितलं की दख्खनचा मुख्य उद्रेक अशनी आदळण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला. साधारण साडेसात लाख वर्षांत ११ लाख घन किलोमीटरहून जास्त लाव्हा बाहेर आला. क्रमाने तळाशी असलेले जव्हार-इगतपुरीचे थर या गोष्टीच्या सुरुवातीचे. म्हणजे अशनी आदळला तेव्हा कसारा घाटातला लाव्हा केव्हाच थंड झाला होता.

भांडण मिटलं का? नाही. फेब्रुवारी २०१९मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन गटांनी दोन पद्धतींनी निबंध छापले. एकाने म्हटलं मोठा लोंढा अशनीच्या जरा आधी, दुसऱ्याने म्हटलं बराचसा लाव्हा नंतर. दोघांनीही थर ओळखायला वापरली ती आपल्या घाटांच्या नावांची रासायनिक यादीच.

समुद्राने ठेवलेली नोंद

इथपर्यंत आपण दगडाकडे दगडाच्या बाजूने बघितलं. आता समुद्राच्या बाजूने बघू.

जमिनीवरचा प्रत्येक खडक पावसात थोडा थोडा विरघळतो आणि नदीतून समुद्रात जातो. समुद्राचं पाणी सगळीकडे मिसळत राहतं. त्यामुळे जगात कुठेतरी एका जातीचा खडक अचानक खूप वाढला, तर त्याची चव सगळ्या समुद्रांना लागते आणि तळावर साचणाऱ्या गाळात ती नोंद राहते.

ऑस्मियम नावाचा एक दुर्मीळ धातू आहे. त्याच्या दोन समस्थानिकांचं प्रमाण जुन्या ग्रॅनाइटसारख्या खडकांत जास्त असतं, तर पृथ्वीच्या पोटातून ताज्या आलेल्या बेसॉल्टमध्ये खूप कमी. २००३मध्ये ग्रेग रॅव्हिझा आणि बर्नहार्ड पॉयकर-एरेनब्रिंक यांनी समुद्रतळातून काढलेल्या गाळात हे प्रमाण मोजलं. अशनीच्या इरिडियमचा थर येण्याच्या बऱ्याच आधी ते सुमारे २५ टक्क्यांनी उतरलेलं होतं. त्यांचा निष्कर्ष असा की ही दख्खनची खूण आहे. मग अशनीची खूण वेगळी, नंतर आणि एकदम खोल येते. समुद्राने दोन घटना दोन ओळींत लिहून ठेवल्या होत्या.

मला या सगळ्यात हे सर्वांत आवडतं. शहापूर-इगतपुरीच्या डोंगरात जे घडलं, त्याची पावती हजारो किलोमीटर लांब समुद्रतळाच्या चिखलात सापडते.

पाऊस, दगड आणि हवा

आता आजच्या काळात येऊ, कारण हे काम थांबलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात कसाऱ्याला पडलेल्या पाण्यानेही ते केलंय.

पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. ते बेसॉल्टवर पडलं की कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका सुटतात, आणि कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट होतं. विहिरीचं पाणी उकळून उकळून पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो ना, तो याच कॅल्शियमचा आणि बायकार्बोनेटचा. हेच पाणी भातसा, काळू, उल्हास असं करत वसईच्या खाडीला जातं. तिथून पुढे समुद्रातले जीव त्यातून कवचं बनवतात. बाजारातल्या तिसऱ्यांचा शिंपला हातात घेतलात, तर त्यातलं थोडं कॅल्शियम सह्याद्रीचं असू शकतं. कवचं तळाशी साचतात, आणि हवेतला काही कार्बन लाखो वर्षांसाठी दगडात बंद होतो.

बेसॉल्ट हे काम इतर अनेक खडकांपेक्षा जलद करतो. सेलीन देसर्त आणि सहकाऱ्यांनी दख्खनच्या नद्यांचं पाणी तपासून २००१मध्ये एक मॉडेल मांडलं. त्यानुसार उद्रेकांमुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत १०५० भागांनी वाढला आणि पृथ्वी सुमारे ४ अंशांनी तापली. पण नंतर हाच थंड झालेला बेसॉल्ट झिजत झिजत कार्बन ओढत राहिला आणि हवा उद्रेकाच्या आधीपेक्षाही थोडी कमी कार्बनची झाली. दख्खन नसता तर कारखाने येण्यापूर्वीच्या हवेत हा वायू सुमारे २० टक्के जास्त असता, असं ते मॉडेल सांगतं. २००३मध्ये त्यांनी जगाचा अंदाज दिला. सिलिकेट खडकांच्या झिजेतून जितका कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, त्यातला ३० ते ३५ टक्के वाटा एकट्या बेसॉल्टचा. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीच्या शास्त्रज्ञांनीही कृष्णा खोऱ्यातल्या आणि पश्चिम घाटातल्या नद्यांवर या झिजेची मापं घेतली आहेत.

म्हणजे ज्याने पृथ्वी तापवली, त्यानेच ती निवली. ऐकायला छान वाटतं. मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "मग टेन्शन काय, दगड बघून घेईल!"

दगडाचं घड्याळ

इथे ते विसावे आठवा. एक घन किलोमीटर बेसॉल्टबरोबर साधारण १.४ कोटी टन कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो, असा स्टीफन सेल्फ आणि सहकाऱ्यांचा अंदाज आहे. ११ लाख घन किलोमीटरला गुणा, साडेसात लाख वर्षांनी भागा. वर्षाला सरासरी २ कोटी टन येतात. ही सरासरी आहे. प्रत्यक्षात मोठे उद्रेक, मग शेकडो-हजारो वर्षं शांतता, असं चाललं. आणि आज आपण कोळसा, तेल, वायू जाळून वर्षाला ३,५०० कोटी टनांहून जास्त सोडतो. सरासरीच्या हिशोबाने दीड हजार पटींपेक्षा अधिक वेगाने, आणि विसावा नाही.

दगड हिशोब पूर्ण करतो हे खरं, पण त्याचं घड्याळ लाखो वर्षांचं आहे. आपल्याकडे तेवढा वेळ नाही. म्हणून आता बेसॉल्टची भुकटी शेतात पसरून ही झीज वेगाने घडवून आणायचे प्रयोग चालू आहेत. भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांबरोबर असं काम करणाऱ्या माती कार्बन या संस्थेला २०२५मध्ये एक्सप्राइझचं मोठं बक्षीसही मिळालं. त्यातून किती कार्बन खरोखर बंद होतो, हेही शेवटी पाण्यातलं रसायन मोजूनच ठरवावं लागतं.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा भाग संपवणं बरोबर नाही. हाच कातळ पाणी धरून ठेवत नाही. ते राहतं फक्त भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. पावसाळ्यात इथे धो धो कोसळतं आणि उतारावरून निघून जातं. शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे, १८९२चं. भातसा धरण आहे. दोन्हीचं पाणी मुंबई पिते. आणि एप्रिल-मे आला की त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघितली जाते, बाया-पोरी हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. इथलं पाणी जाताना डोंगराचं कॅल्शियम समुद्राला देतं, मुंबईच्या नळाला येतं, पण ज्यांच्या दारावरून जातं त्यांच्या हंड्यात राहत नाही. कुठला थर भेगाळ, कुठला घट्ट, पाणी कुठे मुरेल, कुठे अडवता येईल, हे सांगायलाही थरांची तीच माहिती लागते, जी चाळीस वर्षं परदेशी मासिकांत छापून येतेय. ती पाड्यापर्यंत मराठीत पोचली, तर त्या नमुन्यांवर लिहिलेल्या उंचीच्या आकड्यांचं चीज होईल.

तर मंडळी, पुढच्या वेळी मेल कसाऱ्याला थांबली आणि बँकर लागायची वाट बघत असलात, तर मोबाइल खाली ठेवा आणि उजेड असेल तोवर बाहेर बघा. पांढऱ्या ठिपक्यांचा दगड दिसला तर खिडकीतूनच फोटो काढा. रुळांवर उतरू नका, प्लीज! आणि शहापूर, मुरबाडकडचे कुणी ऐकत असाल, तर तुमच्या विहिरीला कितव्या महिन्यापर्यंत पाणी असतं आणि खणताना कोणता दगड लागला होता, हे घरच्या मोठ्यांना विचारून आम्हाला कळवा. पुढच्या भागात त्यावर बोलू.